द्वीपप्रवासाची आंखणी

वार्षिक परीक्षा संपत आली, कीं घरोघरीं एकच विषय निघूं लागतो : यंदाच्या सुट्टींत कोठें जावयाचें? महाबळेश्वर, माथेरान आणि कोंकणांतील आजोळ हीं ठिकाणें नेहमींचींच. परंतु अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचीं कुटुंबें अंदमान बेटांकडे जाऊं लागलीं आहेत, आणि निघण्यापूर्वीं पालक आम्हांस विचारतात, "तेथें राहावें कोठें, आणि पाहावें काय?" या दोन प्रश्नांचें उत्तर एकदांच नीट द्यावें, हा या लेखाचा हेतु. आम्ही स्वतः हा प्रवास केला आहे, व त्यांत एक मोठी चूकहि केली आहे. ती इतरांकडून होऊं नये, अशीहि आमची इच्छा आहे.

बायबलाच्या तासाला आपण सर्वांनीं प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय वाचला आहे. क्रेत बेटाच्या एका बंदरांत गलबत असतां, आतां पुढें जाण्यांत धोका आहे, असें पौलानें बजावलें. पण शताधिपतीनें पौलाचें न ऐकतां नाखव्याचें व गलबताच्या मालकाचें ऐकलें. तें बंदर हिंवाळा काढण्यास सोयीचें नव्हतें, म्हणून ते पुढें निघाले. वादळांत सांपडून गलबत चौदा दिवस भरकटलें व शेवटीं माल्टा बेटाच्या किनाऱ्यास लागून फुटलें. वरील २७६ माणसें वांचलीं खरीं. परंतु पुढचें गलबत मिळेपर्यंत त्यांना तीन महिने त्या बेटावर काढावे लागले. द्वीपप्रवासाचा पहिला नियम या कथेंत आहे. जमिनीवर आपण वेळापत्रक ठरवितों. बेटावर तें समुद्राला विचारून ठरवावें लागतें.

अंदमान व निकोबार हा पांचशेंहून अधिक लहानमोठ्या बेटांचा समूह बंगालच्या उपसागरांत दक्षिणोत्तर पसरला आहे. त्यांपैकीं थोड्याच बेटांवर मनुष्यवस्ती आहे. मुख्य शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ सालीं त्याचें नांव श्री विजय पुरम् असें ठेवण्यांत आलें. चेन्नई व कोलकाता या दोन्ही बंदरांपासून तें सुमारें १,२०० किलोमीटर दूर आहे. विमानानें जाणारा मनुष्य दोन-अडीच तासांत पोंचतो; आगबोटीस सुमारें तीन दिवस लागतात. प्रवासी मुख्यतः आणखी दोन बेटांवर जातात. एक हॅवलॉक व दुसरें नील. २०१८ पासून यांचीं नांवें अनुक्रमें स्वराज द्वीप व शहीद द्वीप अशीं आहेत. शहरापासून या बेटांवर बहुतेक प्रवासी जातात ते बोटीनेंच. म्हणजे विमानाचें तिकीट हातीं आलें, तरी प्रवासाचा खरा नाजूक भाग पुढेंच असतो.

या बेटांवर पाऊस फार. मे महिन्याच्या उत्तरार्धांत नैर्ऋत्येचा पावसाळा सुरू होतो, आणि तो ओसरला तरी आक्टोबर-नोव्हेंबरांतहि सरी व वादळें येतात. डिसेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ प्रवासास उत्तम. परंतु चांगल्या ऋतूंतहि समुद्र खवळणार नाहीं, असें कोणी लिहून देत नाहीं. डिसेंबर २०१६ मध्यें वादळी हवेमुळें बोटी बंद पडल्या, आणि हजाराहून अधिक प्रवासी या बेटांवर अडकून पडले. शेवटीं नौदल व तटरक्षक दल यांच्या साहाय्यानें त्यांस परत आणावें लागलें. पावसाळ्यांत मांडव्याच्या लाँचा बंद असतात, हें मुंबईकरांस ठाऊक आहे. पण तेथें रस्त्यानें वळसा घालून तरी जातां येतें. हॅवलॉकहून परतण्यास रस्त्याची वाट नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. आम्ही पांच शिक्षक व आमच्याबरोबर एक वृद्ध निवृत्त गुरुजी, असे सहाजण निघालों होतों. गुरुजींस समुद्रस्नानाचें किंवा पोंवळ्यांचें कौतुक नव्हतें. त्यांच्या वडिलांनीं लहानपणीं त्यांस अंदमानच्या कैद्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि मरण्यापूर्वीं तो तुरुंग एकदां डोळ्यांनीं पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्हीं मात्र विचार केला, कीं तुरुंग शहरांतच आहे, तो कोठें पळून जातो? आधीं दूरचीं बेटें पाहूं, आणि परतल्यावर शेवटच्या दिवशीं तुरुंग. पांच दिवसांत पांच ठिकाणें असा बेत आंखून आम्हीं एकहि दिवस मोकळा ठेवला नाहीं. परतीच्या दिवशीं सकाळपासून वारा सुटला. सकाळची बोट सुटली नाहीं. दुपारनंतर एक निघाली, ती अंधार पडल्यावर धक्क्यास लागली. विमान दुसऱ्या दिवशीं पहांटेचें होतें. रात्रीं आम्ही गुरुजींस रिक्षांत घालून तुरुंगाच्या दरवाजापाशीं नेलें. दरवाजा बंद होता. गुरुजींनीं भिंतीस हात लावला, क्षणभर उभे राहिले, आणि म्हणाले, "चला, पोंचलों तर खरे." त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. म्हणूनच ती गोष्ट आम्हांस अजून सलते.

यावरून आम्हीं जो धडा घेतला तो असा : जी वस्तु पाहिल्यावांचून परत येणें कोणालाहि दुःखाचें होईल, ती पहिल्या दिवशीं पाहावी. निघण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकास, विशेषतः आजी-आजोबांस व सर्वांत धाकट्या मुलास, "तुला तेथें एकच गोष्ट पाहावयाची असेल तर कोणती?" असें विचारावें. त्या उत्तरांची यादी हाच प्रवासाचा पाया. बाकीचें सर्व, जमलें तर.

राहण्याच्या जागेविषयीं दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली अशी, कीं जातांनाची पहिली रात्र व परततांनाची शेवटची रात्र शहरांतच काढावी, आणि विमानाच्या अगोदरचा एक पुरा दिवस रिकामा ठेवावा. समुद्र शांत राहिला, तर तो दिवस फुकट जात नाहीं. बाजार, संग्रहालय किंवा शहराजवळचा चिडिया टापूचा किनारा यांत तो सहज निघतो. मोठें रुग्णालय शहरांतच असल्यामुळें, ज्यांच्याबरोबर आजारी किंवा वृद्ध माणसें असतील, त्यांनीं बेटावरील मुक्काम आंखूडच ठेवावा. दुसरी गोष्ट अशी, कीं रोज बिऱ्हाड हलवूं नये. हॅवलॉकवर दोन रात्री व नीलवर एक, एवढें पुष्कळ झालें. प्रत्येक स्थलांतरांत सामान बांधणें, धक्क्यावर जाणें व बोटीची वाट पाहणें यांत अर्धा दिवस खर्च होतो, हें जाहिरातींत कोणी छापीत नाहीं.

खोली घेतांना ती कोणत्या किनाऱ्यावर आहे, हेंहि विचारावें. हॅवलॉकच्या पूर्वेकडील किनाऱ्यावर बहुतेक निवासस्थानें आहेत. तेथें सूर्योदय सुंदर दिसतो, पाणी शांत असतें. परंतु ओहोटीच्या वेळीं पाणी दूरवर मागें सरतें व खालचे खडक उघडे पडतात. "खोलीसमोरच समुद्र" असें वाचून गेलेला मनुष्य दुपारीं पोहावयास निघतो, तों समोर चिखल व दगड! पश्चिमेकडील राधानगरचा किनारा लांब, रुंद व मऊ वाळूचा असून सूर्यास्तासाठीं प्रसिद्ध आहे. तेव्हां सकाळ पूर्वेस व संध्याकाळ पश्चिमेस, अशी वांटणी करावी.

येथें भूगोलाचा एक धडा उपयोगीं पडतो. मुंबई सुमारें ७३ अंश पूर्व रेखांशावर, तर पोर्ट ब्लेअर सुमारें ९३ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटें, या हिशेबानें वीस अंशांस ८० मिनिटें होतात. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून डिसेंबरांत तेथें पांचच्या सुमारासच सूर्य मावळतो. आपल्या संवयीप्रमाणें चार वाजतां चहा घेऊन निवांत निघालेल्यास सूर्यास्त पाठमोराच भेटावयाचा. तेथें लवकर उठावें, लवकर निघावें आणि लवकर निजावें.

दुसरा धडा भरती-ओहोटीचा. दिवसांतून दोन वेळां भरती व दोन वेळां ओहोटी होते, आणि कालच्या भरतीपेक्षां आजची सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार थोडी असते. कोंकणांतील कोळ्यास हें उपजत ठाऊक असतें. आपण पंचांग व धक्क्यावरील माणसें यांस विचारावें. नील बेटावर समुद्रानें कोरून काढलेली खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापाशीं जावयाचें तर ओहोटीच साधली पाहिजे. पोहावयाचें तर भरती. या दोन वेळा आदल्या रात्रीं वहींत लिहून ठेविल्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आपोआप ठरतो.

आतां काय पाहावें? प्रथम सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळांत तो बांधण्यांत आला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात तीनमजली इमारती, आणि त्यांत प्रत्येक कैद्यास वेगळी कोठडी. एका इमारतीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यास कैद्याचा चेहरासुद्धां दिसूं नये! त्या सातांपैकीं आज तीन उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत येथें होते, व त्यांचे वडील बंधु बाबारावहि याच तुरुंगांत होते; बंगाल, पंजाब व इतर प्रांतांतील कित्येक राजबंदीहि येथें कोलूला जुंपले गेले. १९७९ सालीं ही वास्तु राष्ट्रीय स्मारक झाली. मुलांस नेण्यापूर्वीं घरीं त्यांना हा इतिहास सांगावा. नाहींतर त्यांना नुसत्या रिकाम्या खोल्या दिसतील.

तुरुंगाच्या गच्चीवरून समोर एक लहानसें बेट दिसतें. तें रॉस बेट; आतां त्यास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. १८५८ पासून इंग्रजांचें मुख्य ठाणें तेथें होतें. बंगले, नाचघर, बाजार व चर्च अशी सारी थाटाची वस्ती होती. १९४१ च्या भूकंपानें तिची पडझड झाली, आणि पुढल्याच वर्षीं जपान्यांनीं बेटें घेतलीं. आज त्या भिंतींस झाडांच्या मुळांनीं विळखा घातला आहे. आम्ही मिशनच्या शाळेचे. त्या पडक्या चर्चमध्यें उभे राहिलों, तेव्हां एक विचार मनास टोंचल्यावांचून राहिला नाहीं. येथें रविवारीं प्रार्थना होत असे, आणि खाडीपलीकडे माणसें बेड्यांत होतीं. हीं दोन्हीं स्थळें एकाच दिवशीं पाहावीं. एकावांचून दुसऱ्याचा अर्थ पुरता कळत नाहीं.

शेवटीं, काय पाहूं नये, हेंहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जातो. तेथें वाहनें तांड्यानेंच सोडतात. वाटेंत थांबण्यास व छायाचित्रें काढण्यास बंदी आहे. तरीहि "जारवा दिसले कां?" असें विचारणारे प्रवासी आम्हांस भेटले. मनुष्य हा पाहण्याचा देखावा नव्हे. बाहेरच्या माणसांनीं आणलेल्या साध्या रोगांनींहि या बेटांवरील मूळ जमाती झपाट्यानें घटल्या. ज्यांस ग्रेट अंदमानी म्हणतात, ते एके काळीं हजारोंनीं होते, आज मोजकेच उरले आहेत. उत्तर सेंटिनेल बेटाजवळ जाण्यास तर कायद्यानेंच मनाई आहे. २०१८ सालीं ती मोडून गेलेला एक परदेशी तरुण प्राणास मुकला. प्रेम हें कधीं कधीं दूर राहूनच करावयाचें असतें. तोच न्याय प्रवाळांस. प्रवाळ हा दगड नसून असंख्य सूक्ष्म जीवांनीं बांधलेलें घर आहे; त्यावर पाय देऊं नये व आठवण म्हणून तुकडा आणूं नये. तसें करणें हा गुन्हाहि आहे.

तर पालकहो, आठ दिवसांचा बेत असा करावा : पहिल्या दोन दिवसांत तुरुंग व रॉस, नंतर दोन रात्री हॅवलॉक, एक रात्र नील, सहाव्या दिवशीं शहरांत परत, सातवा दिवस मोकळा, आठव्या दिवशीं प्रस्थान. यांत ठिकाणें थोडीं आहेत, हें आम्ही जाणतों. परंतु पाहिलेल्या स्थळांची संख्या वाढविण्यासाठीं कोणी सुट्टी घेत नाहीं.

आमचे गुरुजी आतां हयात नाहींत. त्यांस जें दाखवावयाचें राहून गेलें, तें आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या आजोबांस पहिल्याच दिवशीं हात धरून दाखवावें, एवढी आमची विनंति आहे.