कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन: परवाना नसलेले शिक्षक आणि तोलाचं विज्ञान

माझी पीएचडी माणसाच्या तोलावर आहे. सोप्या शब्दांत, आपण उभे असताना पडत का नाही? गावाकडे, जामला, हे सांगितलं की लोक विचारतात, "मग यात शोधायचं काय राहिलं?" बरंच राहिलंय. त्यातला एक भाग समजून घ्यायला मला एका नृत्यप्रकाराची फार मदत झाली, म्हणून आज त्याबद्दल.

कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनमध्ये दोन माणसं एकमेकांना कुठंतरी टेकतात. खांदा, पाठ, मनगट, काहीही. मग तो टेकलेला बिंदू अंगावरून सरकत राहतो आणि त्याच्यामागोमाग दोघं जातात. वजन देतात, घेतात, लोळतात, पडतात. पायऱ्या ठरलेल्या नसतात, बऱ्याचदा संगीतही नसतं. कोण कोणाला उचलणार हेसुद्धा आधी ठरत नाही. असं नाचायला लोक जमतात त्याला 'जॅम' म्हणतात. (हो, माहितीये. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर चंद्रपूरचा फाटा फुटतो ते आमचं जाम, आणि हे जॅम वेगळं. विनोद सगळे करून झालेत.)

सुरुवात 1972 ची. स्टीव्ह पॅक्स्टन शाळेत असताना जिम्नॅस्टिक्स करायचे, मग मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेत नाचले. त्या संस्थेचा 1964 चा जगदौरा मुंबई आणि अहमदाबादलाही येऊन गेला होता. पुढे ते ऐकिदोही शिकले. जानेवारी 1972 मध्ये अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 'मॅग्नेशियम' नावाचा प्रयोग केला. गाद्यांवर मुलं एकमेकांवर आदळत होती, पडत होती, लोळून उठत होती. आणि शेवटची काही मिनिटं सगळे नुसते उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका कलादालनात हे काम कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन या नावानं लोकांपुढे आलं.

मला त्या धडपडीपेक्षा हे उभं राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पॅक्स्टन त्याला 'छोटं नृत्य' म्हणायचे. डोळे मिटून स्थिर उभे राहा, लक्षात येईल की तुम्ही स्थिर नाहीच. शरीर पुढेमागे झुलत असतं आणि घोट्याजवळचे स्नायू सारखे छोट्या दुरुस्त्या करत असतात. आम्ही प्रयोगशाळेत बलमापक फळीवर माणसाला उभं करून हेच मोजतो.

आता एक करून बघा. एका पायावर उभे राहा, डोळे मिटा. डुगडुगाल. मग एक बोट भिंतीला हलकंच टेकवा, जोर अजिबात द्यायचा नाही. डुगडुग चटकन कमी होते. का? बोटानं आधार दिला म्हणून नाही. जेका आणि लॅकनर या संशोधकांनी 1994 मध्ये हे नीट मोजून दाखवलं. बोटाचा दाब एक न्यूटनपेक्षा कमी होता, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम वजनाहूनही कमी. एवढ्याशा बलानं माणसाचं शरीर सावरता येत नाही, तरीही झुलणं स्पष्ट घटलं. कारण बोटाच्या टोकाला मिळते ती माहिती. शरीर जरा कलंडलं की त्वचेवरचा दाब बदलतो, मेंदूला ते कळतं आणि पाय आधीच दुरुस्ती सुरू करतात. पुढे भिंतीच्या जागी दुसरा माणूस ठेवूनही प्रयोग झाले. दोघंही झुलत असतात, तरी हलक्या स्पर्शानं तोल सुधारतो. वयस्कर लोकांमध्येसुद्धा.

कॉन्टॅक्टवाले हे मोजमापाच्या वीसेक वर्षं आधीपासून अंगानं वापरत होते. आधी स्पर्श ऐकायचा, वजन नंतर द्यायचं. क्रम हाच.

आता वजनाचं. हिंगणघाटच्या बाजारात हमाल पोतं कसं उचलतात ते पाहिलं असेल. ते हातांवर तोलत नाहीत, कमरेत वाकून पोत्याचं वजन पायांच्या वर आणतात. साठ किलोच्या जोडीदाराचा गुरुत्वमध्य तुमच्या कमरेपासून 50 सेंटिमीटर लांब असेल तर कमरेवर सुमारे 294 न्यूटन-मीटर घूर्णबल येतं. तोच 10 सेंटिमीटरवर आला की 59. म्हणून या नाचात बारीक चणीची बाई धिप्पाड माणसाला कमरेवर सहज पेलताना दिसते. ताकदीपेक्षा जागा मोठी.

पण जागा चुकली तर? इथूनच शिक्षकांचा प्रश्न सुरू होतो. 1975 च्या सुमारास या मंडळींच्या कानावर आलं की नुसतं एखादं सादरीकरण पाहून लोक हे करायला लागलेत आणि इजा होतायत. तेव्हा नावाचा ट्रेडमार्क घ्यावा, शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्र असावं, असा विचार झाला. शेवटी त्यांनी तसं केलं नाही. इतरांवर पोलिसगिरी करण्यापेक्षा आपसात बोलत राहू, असं ठरलं आणि एक वार्तापत्र निघालं. तेच पुढे 'कॉन्टॅक्ट क्वार्टर्ली' हे नियतकालिक झालं. ते चालवणाऱ्या नॅन्सी स्टार्क स्मिथ मुळात जिम्नॅस्ट आणि लिहिणाऱ्या, लिसा नेल्सन नर्तकी आणि व्हिडिओ करणाऱ्या.

परवाना नसल्यामुळे कोणीही शिकवू शकत होतं, आणि खरंच कुठून कुठून लोक आले. 1986 मध्ये इंग्लंडात पॅक्स्टन आणि अ‍ॅन किलकॉइन यांनी अंध आणि डोळस लोकांना एकत्र घेऊन 'टचडाउन डान्स' सुरू केलं. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये आलितो अलेस्सी 'डान्सअ‍ॅबिलिटी'कडे वळले, आणि सेरेब्रल पाल्सी असलेले एमरी ब्लॅकवेल त्यांच्याबरोबर नाचायचे आणि शिकवायचेही. प्रमाणपत्राची चौकट 1975 मध्येच आखली असती तर ती धडधाकट, उड्या मारणाऱ्या शरीरांवरून आखली गेली असती, असं मला वाटतं. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला घरंगळणाऱ्या पायावर तोल कसा सांभाळायचा हे रोजच्या सवयीनं ठाऊक असतं. ऐकिदोवाला पडणं शिकवतो. जमिनीवर आदळण्याऐवजी लोळत थांबलात आणि थांबायला दसपट वेळ लागला, तर सरासरी बल दहापटीनं कमी होतं. हे गणित अकरावीचं आहे, पण अंगात मुरायला महिने लागतात.

इथपर्यंत मी त्यांच्या बाजूनं आहे. स्पर्शाच्या बाबतीत मात्र 'बोलत राहू' एवढं पुरत नाही. कोणी स्पर्शाचा गैरफायदा घेतला तर तक्रार करायची कोणाकडे? संस्थाच नाही. आता बऱ्याच ठिकाणच्या जॅममध्ये लेखी नियम असतात. कधीही थांबता येतं, कारण सांगावं लागत नाही, इत्यादी. आपल्याकडे तर ते आणखी हवेत. वस्ताद, गुरुजी, सर यांना 'नको' म्हणायची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही, मुलींना तर नाहीच.

म्हणून कोणी शिकवतो म्हटलं की त्याच्या प्रमाणपत्राआधी मी त्याचा पहिला तास बघेन. चांगले शिक्षक एक सराव हमखास घेतात. दोघांनी एकमेकांवर पाठ टेकून वजन द्यायचं आणि एकानं न सांगता निघून जायचं. दुसऱ्यानं कोसळायचं नाही, पाय सरकवून किंवा लोळून सावरायचं. हे जमेपर्यंत पुढचं काही नाही. मी गेले तर हा आपटेल ही भीती ज्याला आहे, त्याला मधेच थांबता येत नाही. भीती गेली की थांबता येतं, दोघांनाही.