जंतूंच्या मोजणीचे दशक: १९९३ ते २००३

अन्नातील जंतूंचा धोका ठरवायचा तर आधी मोजावे लागते: अन्नात जंतू किती, ते अन्न खाणारे किती आणि त्यांतले आजारी पडणारे किती. अमेरिकेत या मोजणीलाच आता कात्री लागली आहे. मार्च २०२५ मध्ये तिथली १९८८ पासूनची अन्न-सूक्ष्मजीव सल्लागार समिती बरखास्त झाली. जुलैपासून ‘फूडनेट’ या अन्नजन्य आजारांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेत आठांपैकी दोनच जंतूंची नोंद सक्तीची उरली: साल्मोनेला आणि शिगा विष तयार करणारा ई. कोलाय.

ही मोजणी आकाराला आली ती १९९३ नंतरच्या दशकात; त्याआधीच्या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तपासनीस मांस डोळ्यांनी पाहत, हातांनी चाचपत, नाकाने हुंगत. जंतू त्यातून निसटत. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या अमेरिकी फास्ट फूड साखळीच्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ पसरला. वॉशिंग्टन राज्याच्या नियमाप्रमाणे खिम्याची टिक्की आतून ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवी होती. दुकानांत मात्र ६० अंशांचे जुने प्रमाण चालू होते. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. पुढच्या वर्षी अमेरिकी मांस-तपासणी सेवेचे प्रमुख मायकेल टेलर यांनी खिम्यातला हा जंतू म्हणजे भेसळच, असे जाहीर केले. त्यावर उद्योग कोर्टात गेला आणि हरला. २००१ मध्ये खिम्यातील साल्मोनेलाच्या मर्यादेविरुद्ध मात्र तो जिंकला, आणि त्या निकालाने तपासणीचे दातच पाडले.

मोजणीचे काम मात्र या दशकात चालूच राहिले. १९९८ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने अंड्याचा कोंबडीपासून ताटापर्यंतचा माग काढला. वीस हजारांत सुमारे एका अंड्यात साल्मोनेला असतो; ते अंडे कुठे, किती वेळ आणि किती उबेत राहिले यावर पुढचा धोका ठरतो, असे त्यात आकडेमोडीने दाखवले होते. १९९९ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आयोगाने अशा मूल्यमापनाची जागतिक तत्त्वे ठरवली. २००३ च्या अहवालात लिस्टेरियासाठी २३ प्रकारचे तयार पदार्थ तपासले गेले. थंड मांसाचे काप सर्वांत धोक्याचे ठरले.

तोच लिस्टेरिया आता सक्तीच्या यादीत नाही. त्याची नोंद इतरत्र होतेच, हा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा खुलासा अपुरा आहे. इतर यंत्रणा बहुधा कळवलेले तेवढेच टिपतात. फूडनेटचे कर्मचारी स्वतः प्रयोगशाळांकडे विचारणा करत. कॅम्पिलोबॅक्टरही वगळला गेला. त्याच्या संसर्गानंतर काहींना गुइलेन-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. कात्री नोंदीपुरतीच राहिली नाही: एप्रिलमध्ये कोंबडीच्या मांसातील साल्मोनेलाला मर्यादा घालणारा अमेरिकी प्रस्तावही मागे घेण्यात आला.