पोलादी दोर आणि जाणते हात

दिलसुखनगरात शिकवणीवर्गांच्या पाट्या वाचीत गेले, तर मुलांपुढे विद्येच्या किती वाटा खुल्या आहेत याचे नवल वाटते. त्या गर्दीत विमानाच्या देखभालीची वाट मात्र क्वचितच आपल्या ध्यानात येते. वैमानिक व्हावे असे पुष्कळांना वाटते. परंतु वैमानिकाचे प्राण ज्यांच्या हाती असतात, त्यांच्या कामाची ओळख थोड्याच घरांना असते. त्यातील एक लहानसा भाग येथे पाहू.

डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूर येथे आखलेले ‘पुष्पक’ विमान १९५८ साली प्रथम आकाशात झेपावले आणि पुढे देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत मुले त्यावर उड्डाण शिकली. नंतर सेसना आली. अशा लहान विमानांत वैमानिकाच्या हातापायांची हालचाल पंखांवरील आणि शेपटीवरील फलकांपर्यंत पोहोचते ती पोलादी दोरांवाटे. नेहमीच्या वापरातील दोराची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. पण त्यात सात पेड आणि प्रत्येक पेडात एकोणीस, म्हणजे एकूण १३३ बारीक तारा असतात.

हा दोर झिजतो तो बहुधा कप्पीपाशी, जेथे तो पुनःपुन्हा वाकतो. अभियंता त्यावरून कापड फिरवितो. तुटलेल्या तारेचे टोक कापडात अडकते. उघडे बोट फिरविले तर कापल्यावाचून राहत नाही. पण केवळ कापडावर विसंबता येत नाही. म्हणून संशयित भाग सैल करून वाकवितात, तेव्हा दडलेली तुटकी तार बाहेर डोकावते. पेड उलट पिळून आतील गंज पाहतात. बाहेरच्या तारा निम्म्याच्या आसपास झिजल्या, की त्या एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसू लागतात. असा दोर काढूनच टाकावा लागतो. दोर द्रावकात बुडवून धुणेही घातक, कारण त्याने आतले वंगण निघून जाते आणि गंजाला वाट मिळते. दोर धड असूनही टोकाच्या जोडाला तडा जाऊ शकतो. अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने २०१३ साली पायपर कंपनीच्या अनेक लहान विमानांतील शेपटीचे दोर व त्यांचे जोड तपासण्याचा आदेश काढला होता.

नवा दोर त्याच जाडीचा व त्याच बनावटीचा हवा. त्याचा ताण मापकाने मोजतात. तोही हवामान पाहून. ॲल्युमिनियमचा सांगाडा उन्हाने पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतो, त्यामुळे वैशाखात दोर अधिक ताणला जातो आणि थंडीत सैल पडतो. ताण जुळल्यावर टर्नबकल तारेने बांधून पक्के करतात, म्हणजे हादऱ्यांनी ते फिरत नाही.

खरी कसोटी यानंतरची. दोर उलटसुलट जोडले गेले, तर वैमानिक डावीकडे वळू पाहील आणि विमान उजवीकडे कलेल. सावरण्यास वेळही उरणार नाही. दांडा डावीकडे नेताच डाव्या पंखाचा फलक वर उठला पाहिजे, हे डोळ्यांनी पाहावेच लागते. नंतर दुसरी अधिकृत व्यक्ती तेच काम स्वतंत्रपणे तपासते. यात पहिल्याविषयी अविश्वास नसतो. थकलेला मनुष्य आपलीच चूक पाहू शकत नाही, एवढेच त्यामागचे शहाणपण.

या कामाला टाळ्या मिळत नाहीत. विमान सुखरूप उतरले, की कप्पीजवळ बसून दोर चाचपणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही. आपल्या घरातील एखादे मूल यंत्रे उघडून पाहण्यात रमत असेल, हाती घेतलेले काम पुन्हा तपासण्याचा त्याला कंटाळा नसेल, तर शिकवणीची पाटी निवडण्यापूर्वी पालकांनी या विद्येचाही विचार करावा.