लाल दिवा विझत नाही तेव्हा

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती किल्ल्यामुळे, राणीमुळे आणि विष्णुभट गोडश्यांच्या ‘माझा प्रवास’मुळे. वरसईहून उत्तरेकडे निघालेले हे भटजी १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकले. त्यांनी पाहिले ते १९०७ साली छापून आले. तिथली छावणी मात्र आपल्या वाचनात जून १८५७ च्या उठावापुरती डोकावते आणि लगेच पडद्याआड जाते. प्रत्यक्षात ती आजही गजबजलेली आहे. ३१व्या चिलखती डिव्हिजनचे मुख्यालय इथे आहे आणि रणगाड्यांच्या सरावाचे बबीना इथून जवळच. शहरात रेल्वेचा १८९५ सालचा कारखाना आहे, १९७४ पासून भेलचा ट्रान्सफॉर्मरचा कारखानाही आहे. झाशी रेल्वे विभाग तर २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता, म्हणजे त्याची वरिष्ठ कचेरी मुंबईत! लष्कर, रेल्वे आणि भेल असे तीन यंत्रजीवी शेजारी लाभलेल्या गावात जुनी मोटारसायकल भंगारात जाण्याआधी चार वेळा उघडली जाणार, यात नवल नाही.

छावणीतली मोटारसायकल म्हटली की पहिली आठवते ती बुलेट. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने ३५० सीसी बुलेट पसंत केली, १९५५ मध्ये मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे इंग्लंडमधले कारखाने बंद पडले तरी तिरुवोट्टियूरचा कारखाना चालूच राहिला. वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे असलेली लष्करी पाटी मिरवणाऱ्या या गाड्या सेवा संपली की लिलावात निघतात आणि नागरी रस्त्यावर दुसरा जन्म घेतात. पण या लेखाचा विषय असलेला लाल इशारादिवा जुन्या बुलेटवर शोधून सापडायचा नाही. तिथे हेडलाइटच्या वरच्या भागात अँमीटर असतो. काटा उजवीकडे झुकला तर बॅटरीत वीज भरतेय, डावीकडे झुकला तर बॅटरी रिकामी होतेय. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३एल या लष्करी गाड्यांवरही हीच पद्धत होती.

लाल दिवा असतो तो जावावर. मुंबईच्या आयडियल मोटर्सचे रुस्तम इराणी या चेकोस्लोव्हाकियन गाड्या आधी आयात करत. मग म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी निघाली आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. १९७३ मध्ये नाव येझदी झाले, १९९६ मध्ये कारखाना थांबला. जुन्या जावाच्या हेडलाइटवर स्पीडोमीटर, खिळ्यासारखी साधी किल्ली आणि दोन चिमुकले दिवे असतात. लाल दिवा चार्जिंगचा, हिरवा न्यूट्रलचा. जुन्या गाडीच्या बाजारात सर्वांत जास्त छळ होतो तो या लाल दिव्याचा. तो विझत नाही म्हणून कुणी बल्बच काढून ठेवतो, कुणी वायर कापून वर चिकटपट्टी गुंडाळतो, आणि चार मालक बदलून गाडी पाचव्याच्या दारात येते तेव्हा ‘हा दिवा या मॉडेलला नसतोच’ असे छातीठोकपणे सांगितले जाते.

दिव्याचे काम समजले की निम्मी दुरुस्ती झाली म्हणायची. त्याचे एक टोक किल्लीमार्फत बॅटरीच्या धन बाजूला असते आणि दुसरे डायनमोच्या मुख्य टोकाला. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे, डायनमो निपचित आहे. अशा वेळी बॅटरीची वीज दिव्यातून डायनमोच्या ब्रशांत, तिथून आर्मेचरच्या तारेतून गाडीच्या लोखंडात उतरते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की डायनमो स्वतःचा दाब निर्माण करतो. दोन टाक्यांतले पाणी एका पातळीला आले की मधल्या नळीत प्रवाह उरत नाही, तसे दिव्याच्या दोन्ही टोकांचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. त्याच सुमाराला रेग्युलेटरमधला कटाउट, म्हणजे डायनमो आणि बॅटरी यांना जोडणारा आपोआप चालणारा स्विच, मिटतो आणि बॅटरी भरू लागते. जावाचा डायनमो ६ व्होल्टचा, ४५ वॅटचा. म्हणजे पूर्ण जोरात साडेसात अँपिअर. दिव्यातून जातो तो त्यातला अगदी क्षुल्लक अंश. बुलेटचा अँमीटर बिघडला तर गाडीची सगळी वीज अडते, कारण ती त्याच्यातूनच वाहते. लाल दिवा फुटला तर काहीच अडत नाही. म्हणूनच त्याची हेळसांड होते.

आता हेडलाइट उघडायचा. कडेचा एक स्क्रू सैल केला की काच आणि परावर्तक हातात येतात आणि मागच्या खोलगट भांड्यात वायरींचा गुंता दिसतो. झाशीचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे हे पत्र्याचे भांडे आतून भाजून निघते, मागोमाग बुंदेलखंडची बारीक धूळ त्यात बसते, आणि पावसाळ्यात त्याच धुळीला ओल धरते. जुन्या रबरी आवरणाची वायर बोटांनी वाकवली तर आवरण खपलीसारखे सुटते आणि आतली तांब्याची तार काळी पडलेली असते. प्लॅस्टिकचे आवरण सहज तडकत नाही, पण कडक होते. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे हँडलची मान. तिथून जाणारी प्रत्येक वायर हँडल वळवताना वाकते. वर्षानुवर्षांच्या वळणांनी आतली तार एकेक धागा करून तुटते आणि बाहेरून आवरण मात्र धडधाकट दिसते. परीक्षा सोपी आहे: किल्ली लावून दिव्याकडे पाहत हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. दिवा मिचकावला तर चोर सापडला.

मिस्त्री लोक मल्टिमीटरच्या आधी टेस्ट लॅम्प हातात घेतात आणि ते बरोबरच आहे. ६ व्होल्टचा एक बल्ब, दोन वायरी, एक चिमटा, एक टोकदार सळई. एवढ्यात निम्मे निदान होते. उरलेले निदान दिवा स्वतःच सांगतो, फक्त तो कधी लागतो नि कधी विझतो ते नीट पाहायला हवे.

किल्ली लावली आणि लाल दिवा लागलाच नाही, तर बल्ब गेला असेल, होल्डर गंजला असेल किंवा डायनमोकडे जाणारी वायर सुटली असेल. डायनमोच्या टोकावरची वायर काढून इंजिनच्या धातूला टेकवावी. आता दिवा लागला तर वरचे सगळे ठीक आहे आणि दोष खाली, बहुधा झिजलेल्या कार्बन ब्रशात आहे. लागला नाही तर बल्ब आणि वायर तपासायची. तिसरीही एक शक्यता असते आणि ती नवशिक्याच्या ध्यानात येत नाही: कटाउटची टोके एकमेकांना चिकटून बसलेली असतील तर दिव्याच्या दोन्ही बाजूंना बॅटरीचाच दाब मिळतो आणि दिवा गप्प राहतो. असा कटाउट धोक्याचा. बॅटरीची वीज उलटी डायनमोत शिरते, तार तापते, वास सुटतो. किल्ली काढल्यावरही लाल दिवा मंद जळत राहिला तर हाच प्रकार समजावा आणि विचार करत न बसता आधी बॅटरीची वायर काढावी. रेग्युलेटरची टोके बॅटरी जोडलेली असताना बोटाने दाबून पाहण्याची खोड अनेकांना असते. ती जपण्यासारखी नाही.

गाडी चालू आहे, वेग दिला तरी दिवा तसाच लख्ख? म्हणजे डायनमो वीज करत नाही. इथे बहुतेक जण सरळ नवा रेग्युलेटर आणतात. घाई आहे ती. आधी ब्रश बाहेर काढून त्यांची लांबी आणि स्प्रिंगचा ताण पाहावा, मग कॉम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसावा. त्यावर काळा थर असेल तर अगदी बारीक काचकागद चालतो. एमरी टाळावा, कारण त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये रुतून बसतात. लुकासच्या ६ व्होल्ट डायनमोसाठी आणखी एक जुनी चाचणी आहे. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी काढायच्या, डायनमोची ती दोन टोके एकमेकांना जोडायची, त्यांच्यात आणि इंजिनच्या धातूत व्होल्टमीटर लावायचा आणि इंजिन हळूहळू वाढवायचे. काटा झपाट्याने वर गेला तर डायनमो निर्दोष. मात्र अशा वेळी आवर घालणारा कुणी नसतो, म्हणून वेग फार वाढवायचा नाही. जावाची क्षेत्रकुंडले वेगळ्या रीतीने जोडलेली असू शकतात. तिथे ही चाचणी डोळे मिटून करू नये.

खरी डोकेदुखी मंद दिव्याची. धड लागत नाही, धड विझत नाही. दिवसा दिसतही नाही आणि रात्री छळतो. याचा अर्थ दिव्याच्या दोन बाजूंत अर्ध्या-एक व्होल्टचा फरक कुठेतरी उरलेला आहे, आणि तो फरक गंजलेल्या जोडात राहतो: फ्यूजच्या पकडीत, किल्लीच्या पितळी पट्टीत, कटाउटच्या काळवंडलेल्या टोकांवर. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट गेला तर चार टक्के गेले. ६ व्होल्टच्या गाडीत तोच अर्धा व्होल्ट आठ टक्क्यांहून जास्त असतो. शिवाय ३५ वॅटच्या हेडलाइटला १२ व्होल्टवर तीन अँपिअरही लागत नाहीत, ६ व्होल्टवर जवळपास सहा लागतात. जुन्या गाडीला हल्लीची बारीक वायर घातली की ती नव्या कोऱ्या वायरिंगनिशी मंदावते, ते यामुळे.

आणि अर्थ. उत्तर हिंदुस्थानातल्या गॅरेजमध्ये ‘अर्थ नहीं मिल रहा’ हे वाक्य सतत कानावर पडते, आणि पुष्कळदा तेच निदान खरे असते. जीर्णोद्धाराच्या उत्साहात चेसिसला पावडर कोटिंग होते, टाकीला सोनेरी रेघा येतात, नट-बोल्ट चकाकतात. पण रंगाचा जाड थर वीज जाऊ देत नाही. सुंदर रंगवलेल्या गाडीचा दिवा जागच्या जागी मिणमिणतो तो अशाने. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनला आणि हेडलाइटच्या भांड्याला एकेक जाड वायर टाकली, थिंबलखालचा रंग खरवडून धातू उघडा केला आणि वरून थोडे व्हॅसलीन लावले की हजारोंचे सुटे भाग न घेता गाडी शहाणी होते. तपासायचे झाले तर हेडलाइट लावून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरे इंजिनला लावावे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तिथे काम आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे उलटे असते, कारण लुकासच्या व्यवस्थेत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. सवयीने ऋण टोक चेसिसला जोडून बसलेले हौशी लोक आजही भेटतात.

लाल दिव्यापुढे हिरव्याची कुणी फिकीर करत नाही. जावात मात्र करायला हवी, कारण तिथे गिअरचा पेडल आणि किकचा दांडा एकच असतो. तो आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. न्यूट्रलचा दिवा खोटे बोलला तर गिअरमध्ये असलेल्या गाडीला किक बसते. या दिव्याची एक वायर गिअरबॉक्सवरच्या छोट्या टोकापर्यंत येते आणि न्यूट्रलमध्ये तिला अर्थ मिळतो. तीच वायर चेनच्या जवळून जाते. ग्रीस आणि धूळ यांच्या लगद्यात तिचे आवरण घासले गेले की तांबे धातूला टेकते आणि दिवा चौथ्या गिअरमध्येही हिरवागार राहतो. वायर नवी घालताना तिला स्लीव्ह चढवून चेनपासून दूर बांधणे हाच उपाय. डाख द्यायचा तर जोडाच्या पुढे वायरीला आधार द्यावा लागतो, नाहीतर रांग्याने कडक झालेली वायर नेमकी तिथेच इंजिनच्या थरथरीने मोडते.

बल्बच्या जागी एलईडी बसवण्याची सध्या चलती आहे. एलईडीला धन-ऋण कळते, त्यामुळे उलटा बसवला तर तो लागतच नाही; आणि इतक्या थोड्या विजेवर चमकतो की जुना बल्ब ज्या किरकोळ फरकाकडे दुर्लक्ष करायचा, त्यावरही तो टिमटिमतो. एक-दोन वॅटचा साधा बल्बच इथे शहाणा. परदेशी गाड्यांत तर याहून गंमत. १९७० च्या दशकातल्या नॉर्टन कमांडोवर इशारादिव्यासाठी लुकासची थ्री-एडब्ल्यू नावाची एक स्वतंत्र डबी असे. आत तापून लांबणाऱ्या तारेवर तिचे काम चाले. डबी बिघडली की चार्जिंग उत्तम असूनही दिवा बोंब मारत राही.

सारी वायरिंग झाली की बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून बेरीज जुळवायची. ६ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते, इंजिन मध्यम वेगाने चालताना सात व्होल्टच्या थोडे पुढे जाते. तिथे साडेसातच्या वर काटा गेला तर रेग्युलेटर आवर घालत नाही आणि बॅटरीचे पाणी उकळून जाईल, हे दिवा सांगू शकत नाही. त्याची साक्ष वीज भरते आहे की नाही एवढ्यापुरतीच.

अशा गाडीला आता कायद्यानेही वेगळे स्थान आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ मालिकेतले क्रमांक सुरू केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. १९६१ ची म्हैसुरी जावा या हिशेबात केव्हाच बसली आहे आणि झाशीच्या ‘यूपी-९३’ पाटीची जुनी गाडीही वय भरले की त्यासाठी अर्ज करू शकते. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा वार्षिक दिवस. त्या दिवशी देशभर या गाड्या निळसर धूर सोडत निघतात. उत्तर भारतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून हँडलच्या मानेजवळच्या वायरींना रबरी ग्रोमेट बसवायचे काम जूनच्या आतच उरकायला हवे.