वळिवड्याची मैत्री आता आपण जपायची

२०२४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्सात पंतप्रधानांनी कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं. ४५ वर्षांनी भारतीय पंतप्रधान पोलंडला गेले, त्यातला हा क्षण कोल्हापूरकरांना सर्वांत जवळचा वाटला. पण कोल्हापूर आणि पोलंडची ही मैत्री दौऱ्यांतून उगवलेली नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत वाढलेल्या आणि पुढं जगभर पांगलेल्या पोलिश माणसांनी ती जिवंत ठेवली. सरकारं त्यांच्या मागून आली.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरादारातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलं होतं. तिथून इराणमार्गे ही मंडळी भारतात पोहोचली. पुरुष बहुतेक सैन्यात. त्यामुळं छावणीत बायका-मुलंच जास्त. जागा कोल्हापूर संस्थानची, खर्च मुख्यतः लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. बराकींच्या रांगांमध्ये चर्च, शाळा, दवाखाना, पोस्ट, सिनेमा, स्काउट पथकं असं अख्खं गाव उभं राहिलं. भाजी-दूध घेऊन येणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांनी कामापुरतं पोलिश उचललं. मैत्रीचा पाया तिथं, दारातल्या रोजच्या व्यवहारात घातला गेला.

दुसरं महायुद्ध संपलं, पण अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचं कुठं? कुणी ब्रिटनला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला. या पांगलेल्यांनी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना बांधली, मेळावे भरवले, आठवणी गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला, तेव्हा ही गोष्ट दिल्लीच्या भाषणांत नव्हती. वॉर्सातलं स्मारक २०१७ चं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये छावणीतले काही जण थकल्या वयात पुन्हा वळिवड्याला आले आणि तिथंही स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं. वळिवड्यात संग्रहालय करण्याची चर्चाही तेव्हापासूनची.

पंतप्रधानांनी दौऱ्यात आणखी एक घोषणा केली. दरवर्षी २० पोलिश तरुण भारतात येणार, आणि या उपक्रमाला नाव नवानगरच्या जामसाहेबांचं. योग्यच आहे. गुजरातमधल्या बालाचडीत सुमारे हजार पोलिश मुलांना त्यांनी आसरा दिला होता. पण १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तिथली बरीच मुलं वळिवड्यालाच आली. म्हणजे जामसाहेबांचा वारसाही कोल्हापूरपर्यंत येतो. त्या २० जणांच्या प्रवासात वळिवडे असलंच पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या खासदार-आमदारांनी आतापासून पाठपुरावा करावा.

त्या तरुणांना दाखवायचं काय? माझ्या मते या कहाणीचा सर्वांत मोलाचा भाग दुसरा आहे, आणि आपणच त्याकडं काणाडोळा करतो. पोलिश गेले, त्या बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच. लग्नाचा बस्ता बांधायला अर्धा दक्षिण महाराष्ट्र जिथं जातो, त्या कापडपेठेचा पाया निर्वासितांच्या छावणीत आहे. एकाच जागेनं दोन उखडलेल्या समाजांना आसरा दिल्याची उदाहरणं जगात फार नाहीत. संग्रहालयात पोलिश दालनाशेजारी सिंधी दालन हवंच. नाहीतर आपण पाहुण्यांचं कौतुक करू आणि शेजाऱ्याला विसरू.

वेळ मात्र थोडा आहे. १९४५ मध्ये आठ वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात. हे तिकडच्यांना लागू, तसंच वळिवडे, गांधीनगरमधल्या म्हाताऱ्यांनाही. पोलिश बाजूनं आपल्या आठवणी छापून ठेवल्या. आपल्या बाजूच्या आठवणी अजून ओसरीवरच आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागानं आणि इथल्या महाविद्यालयांनी त्या यंदाच ध्वनिमुद्रित करायला घ्याव्यात. एकेका शाळेनं पोलंडमधल्या एकेका शाळेशी नातं जोडावं. मुलांनी एकमेकांना पत्रं लिहावीत, आपल्या गावाची माहिती द्यावी. याला ना मंत्रालयाची मंजुरी लागते, ना मोठा निधी. पोलिश माणसांनी आपल्या बाजूनं ७५ वर्षं हे नातं निभावलं. आता पाळी आपली आहे.