जिन्यातला दिवा आणि संगणक

बारावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक मला हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘इलेक्ट्रिकल घ्यावं की कॉम्प्युटर?’ या प्रश्नामागे एक समजूत असते. इलेक्ट्रिकल म्हणजे मोटारी, तारा आणि खांब. कॉम्प्युटर म्हणजे गार खोली आणि गलेलठ्ठ पगार. हे विषय मी अनेक वर्षं शिकवले आहेत. त्यामुळे खात्रीनं सांगतो, हे एकाच घराचे दोन मजले आहेत.

घराच्या जिन्याचंच उदाहरण घेऊ. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात. दोन्ही बटणांची तोंडं वर असताना दिवा बंद आहे, असं समजा. कोणतंही एक खाली दाबलं की दिवा लागतो. दोन्ही दाबली की विझतो. आता न दाबलेल्या बटणाला शून्य म्हणा, दाबलेल्याला एक. विझलेला दिवा शून्य, लागलेला एक. शून्य अधिक शून्य, शून्य. शून्य अधिक एक, एक. एक अधिक एक मात्र पुन्हा शून्य!

हे चुकलेलं नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक अधिक एक म्हणजे १०. शून्य मांडायचं आणि हातचा एक. जिन्यातला दिवा शून्य बरोबर मांडतो; त्याला ठेवता येत नाही तो फक्त हातचा. त्यासाठी दोन्ही बटणं दाबल्यावरच लागेल असा दुसरा दिवा जोडा. झालं, बेरीज करणारं यंत्र तयार!

तर्काला बीजगणिताचं रूप देणारा जॉर्ज बूल यांचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. विजेच्या बटणांशी त्याचा संबंध जोडायला मात्र ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली. क्लॉड शॅनन यांनी मिशिगन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन्ही पदव्या घेतल्या होत्या. पुढे अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेत १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी प्रबंध लिहिला आणि बूल यांचं बीजगणित विजेच्या मंडलांना लागू पडतं हे दाखवलं. दोन्ही विषय एकाच डोक्यात होते, म्हणून ते जुळले. एमआयटीनं तर १९७५ साली विभागाचं नावच ‘विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र’ असं केलं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला, तेव्हा देशात संगणक अभियांत्रिकीची पदवी देणारी शाखाच नव्हती.

आज बटणाची जागा ट्रान्झिस्टरनं घेतली आहे. महागड्या मोबाईलच्या एका चिपमध्ये ते हजार कोटींहून अधिक असतात. प्रत्येक उघडझाप थोडी वीज खाते, थोडी उष्णता सोडते. म्हणून तर मोबाईल तापतो. प्रचंड संगणककेंद्रं उभारणाऱ्यांपुढे आज मोठा प्रश्न आहे तो वीज कुठून आणायची आणि यंत्रं थंड कशी ठेवायची, हा. उलट, ढग येताच घटणारी सौरवीज सांभाळायची तर वीजजाळ्यालाही संगणकच लागतो.

मग शाखा कोणती घ्यावी? मुलाला गणितात गोडी आहे का, ते आधी पाहा. दोन्हीकडे त्यावाचून सुटका नाही. महाविद्यालयात गेलात तर इमारतीपेक्षा प्रयोगशाळा पाहा. मुलांना स्वतःच्या हातानं मंडल जोडायला मिळतं का, ते तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. संगणक घेतलेल्यानं मंडलांचा विषय केवळ पास होण्यापुरता उरकू नये आणि इलेक्ट्रिकलच्या मुलानं प्रोग्रॅम लिहिणं दुसऱ्यावर सोपवू नये. बाजारात आज चालणारी संगणकभाषा चार वर्षांनी मागे पडलेली असू शकते. जिन्यातल्या दिव्याचं गणित मात्र तेच राहील. चार वर्षांची फी आणि मुलाची उमेद आपण कशावर लावतो आहोत, याचा विचार करताना एवढं ध्यानात ठेवावं.