दातावरून वय: माप कितपत खरं?

"पोरीचा दाखला नाही ना, मग दात बघून काढतील की वय," असं वाडीवस्तीवर कुणी ना कुणी म्हणतंच. बालविवाहाची तक्रार असो, नाहीतर मुलीवरच्या अत्याचाराची केस असो, मुलगी अठराच्या आतली की वरची यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून दात मोजून वय कसं काढतात आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, ते आज बघू.

दाताचं बाहेरचं आवरण कडक असतं. आत मध्यभागी मऊ गाभा असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. दात पुरता तयार झाला तरी आतून हळूहळू थर चढतच राहतात. जुन्या नळाला क्षार चढून भोक बारीक होतं ना, तसा वयाबरोबर हा गाभा बारीक होतो. म्हणून सगळा दात केवढा आणि त्यात गाभा केवढा, याचं प्रमाण काढून वयाचा अंदाज बांधतात.

हे मोजायला त्रिमितीय स्कॅन वापरतात. यंत्र डोक्याभोवती फिरतं, क्ष-किरणांचे पुष्कळ फोटो घेतं आणि संगणक त्यातून दाताचं चहूबाजूंनी चित्र उभं करतो. गुळाची ढेप बारीक चौकोनी खड्यांत कापावी आणि खडे मोजून ढेपेचा अंदाज घ्यावा, तसं हे काम आहे. इथं एका खड्याची बाजू साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटर असते.

अडचण येते ती कडेच्या खड्यांची. अर्धा खडा दातात, अर्धा बाहेर. तो धरायचा की सोडायचा? ते सॉफ्टवेअर आणि मोजणारा माणूस ठरवतो. गाभा मुळात बारीक असल्यानं तिथं थोडा फरकही मोठा पडतो. दातात धातूची सिमेंटी असली तर चित्रावर रेघा उमटतात. फोटो काढताना माणूस हलला तर कडा पुसट होतात.

आता भरवशाचं बघू. त्याच माणसानं दोनदा मोजलं, किंवा दोघांनी वेगवेगळं मोजलं आणि उत्तर सारखं आलं, तर माप स्थिर आहे म्हणायचं. पण स्थिर म्हणजे बरोबर नव्हे. डेअरीतला काटा शंभर ग्रॅमनं चुकत असेल तर तो रोज तेवढाच चुकेल. म्हणून काढलेला दात पाण्यात बुडवून, किती पाणी वर चढतं त्यावरून स्कॅनच्या मापाचा ताळा घेतात.

आणि माप बरोबर आलं तरी वय बरोबर येईलच असं नाही. एकाच वयाच्या दोघींचे दात सारखे नसतात. कीड, मार, झीज यांनीही गाभा बदलतो. बेल्जियममधल्या ल्युवेनच्या संशोधकांनी २००६ साली अशा स्कॅनवर अभ्यास छापला, त्यात वय आणि गाभा यांचं नातं मध्यमच निघालं. या पद्धतीत चूक काही वर्षांची असू शकते. लहान मुलांत दात तयार होण्याच्या टप्प्यांवरून अंदाज बरा येतो. पण सोळा-अठराच्या सुमारास अक्कलदाढ सोडली तर बाकी दात झालेले असतात, आणि अक्कलदाढ प्रत्येकीची वेगळ्या वेळी येते. म्हणजे कायद्याला जिथं नेमकं उत्तर हवं, तिथंच दात कच्चे पडतात.

म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं क्रम लावून दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी.

कागदाची किंमत काय असते बघा. पुण्यात १९९४ साली झालेल्या खुनांच्या खटल्यात फाशी झालेल्या एका आरोपीचं वय २००५ च्या वैद्यकीय तपासणीत २२ ते ४० च्या दरम्यान सांगितलं गेलं. शाळेच्या रजिस्टरनुसार गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये ते रजिस्टर मानलं आणि २८ वर्षांनी त्याची सुटका झाली.

तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर लेकीबाळींचे दाखलेही आणा. नाव आणि तारीख शाळेत आणि जन्मदाखल्यावर एकच आहे का, ते ताडून बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि जिथं बाळ जन्मलं तिथंच ती होते. बाळंतपण कोल्हापूरला झालं असेल तर नोंद आपल्या ग्रामपंचायतीत सापडणार नाही. नोंद राहून गेली असली तरी उशिराची नोंद करता येते. वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. धावपळ होईल, पण उद्या लेकीच्या वयावर वाद झाला तर हा कागदच तिच्या बाजूनं उभा राहील.